गॅसच्या विहिरीची ओटी

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा मला न्यायला कोणी आलं नव्हतं, आणि त्यात नवल काही नव्हतं. माझं कामच असं आहे की जिथे जाते तिथे माझी वाट कोणी पाहत नाही. तेल आणि गॅससाठी जमिनीत खोल विहिरी पाडतात. त्यातल्या काहींत पुरेसं काही सापडत नाही. मग त्या नीट बुजवल्या की नाही, भोवतालची माती-पाणी सांभाळलं की नाही, हे पाहायला मला पाठवतात. बुजवणाऱ्यांना वाटतं, ही बाई खोट काढायला आली. गावकऱ्यांना वाटतं, ही कंपनीचीच. पुण्याच्या घरात तर असं काही वाटून घ्यायलाही कोणी उरलेलं नाही. हे गेले त्याला आता काही वर्षं झाली, मुलगी तिच्या संसारात आहे. निघताना दाराला कुलूप लावते आणि ते दोनदा ओढून पाहते, एवढाच माझा निरोपसमारंभ.

स्टेशनबाहेर ऑटो केला. पहिल्याच चौकात माझ्या पर्समधलं गॅस शोधायचं यंत्र कोकलायला लागलं.

"मॅडम, तुमचा मोबाईल बोंबलून राहिला," ऑटोवाला म्हणाला.

मी सांगितलं, मोबाईल नाही, तुमच्या टाकीतून गॅस झिरपतोय.

"हे होय? हे तं रोजचंच आहे. काई होत नाई त्याले. तुम्ही घाबरून काहून राहिल्या?"

मी तिथेच उतरले. तो बराच वेळ माझ्या बाजूने हळूहळू ऑटो चालवत, "बसा ना मॅडम," म्हणत राहिला, आणि मी बॅग ओढत, मान ताठ ठेवून चालत राहिले. तत्त्व सांभाळायचं तर घाम येतोच.

बसस्थानकाजवळ तर्री पोहे (झणझणीत हरभऱ्याचा रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. गाडीवाल्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "तर्री कमी टाकू का? पुण्याकडच्या दिसता." एवढं ऐकल्यावर कमी कशी मागणार? भरपूर टाकून घेतली. डोळ्यांतून धारा लागल्या. तर्रीची एक सोय आहे, बाई का रडते आहे असं कोणी विचारत नाही.

कुहीची बस अर्धी रिकामी होती. शहर संपलं तशा दोन्ही बाजूंना बांध्या (चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेले धानाचे तुकडे) सुरू झाल्या. आषाढाचे दिवस. बहुतेक बांध्यांत पाणी साचलेलं होतं आणि कोपऱ्याकोपऱ्यात पऱ्ह्यांचे (धानाच्या रोपांचे) कोवळे हिरवे चौकोन. बायका ओळीने वाकून रोवणा (रोपांची लावणी) करत होत्या आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलून हसत होत्या. काचेतून मला ऐकू काहीच येत नव्हतं. मला त्यांचा सरळ सरळ हेवा वाटला.

कुहीच्या पुढे एका वळणावर उतरले. तिथे बोरा भेटला. हा बुजवणीच्या कामावरचा आसामी इंजिनीअर. पत्र्याच्या खोलीत एकटाच राहतो, आणि दिवसभर कोणाशी बोलणं नसल्यामुळे भेटल्या भेटल्या पुष्कळ बोलतो. त्याने सगळं दाखवलं. खोदताना निघालेला चिखल ज्या खड्ड्यात साठवला होता, त्याला खालून जाड प्लास्टिकचं अस्तर होतं. तो चिखल टँकरने नेऊन खड्डा साफ केला होता. यंत्रांसाठी पसरलेला मुरूम उचलला होता. सुरुवातीला खरवडून वेगळी रचून ठेवलेली वरची काळी माती पुन्हा पसरली होती. मी हातात घेऊन चुरली. चांगली, जिवंत माती होती. एवढ्या वर्षांत इतकं मन लावून केलेलं काम मी क्वचितच पाहिलं आहे आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो लाजला.

राहिलं होतं फक्त विहिरीचं तोंड. विहीर म्हणजे आपली पाण्याची नव्हे, एकात एक बसवलेले लोखंडी नळ. आतून सिमेंटने भरलेले. त्यांचं तोंड नांगराच्या फाळाला लागणार नाही इतक्या खाली कापून, वर झाकण डागायचं आणि माती लोटायची, की संपलं. मी खड्ड्यात उतरून यंत्र धरलं. वारा सुटला होता. यंत्र गप्प. "सही कर दूँ?" मी बोराला गमतीने म्हटलं, तर बिचाऱ्याने खरंच पेन पुढे केलं.

"थांबा वं बाई! धरतीमायची ओटी भराची राहिली!"

बांधावरून हातात ताट घेतलेल्या एक बाई झपझप येत होत्या. मागे शेजारच्या दोघीजणी. ह्या वच्छलाबाई, बांधीच्या मालकीण. एकट्याच राहतात. ही बांधी विहिरीखाली गेली तेव्हापासून तिच्यात धान पिकलं नव्हतं. या वर्षी ती परत मिळणार म्हणून त्यांनी कडेला पऱ्हे टाकूनही ठेवले होते. रोपं वीतभर झाली होती. माझी सही झाली की उद्या पाणी सोडून रोवणा.

"इतके दिस तिच्या पोटात लोखंड होतं," त्या म्हणाल्या. "आता झाकून राहिले तं रिकाम्या ओटीनं कशी झाकाची?"

बोराने दिवा-उदबत्ती लावू दिली नव्हती, त्यावरून त्या त्याच्यावर जरा रुसल्या होत्या. पण बाकी सगळं आणलं होतं. खड्ड्याच्या काठावर खण, नारळ, तांदूळ, हळकुंड ठेवलं. नळाला हळदीकुंकू लावलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि तांब्यातलं पाणी नळाच्या तोंडावर ओतलं.

दोन नळांच्या मधल्या फटीत पाणी साचलं, आणि त्यातून बुडबुडे यायला लागले. एक, मग दुसरा, मग एकसारखे.

"बोलली!" शेजारीण ओरडली. "बोलली वं माय तुह्या संगं!"

वच्छलाबाईंनी डोळे उघडले. बुडबुडे पाहून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या हसत हसत रडायला लागल्या.

मी बोराकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी खाली वाकून पदराने वारा अडवला आणि यंत्र पाण्याला टेकेल इतकं जवळ नेलं. ते कोकललं.

त्या आनंदावर विरजण घालायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी सांगितलं, की हा गॅस आहे. बाहेरच्या बाजूचं सिमेंट कुठेतरी धरलेलं नाही. असंच झाकलं तर तो मातीतून वाट काढत राहील, हवेत जाईल, कदाचित तुमच्या प्यायच्या विहिरीतही उतरेल. पुन्हा मोठं यंत्र आणून सिमेंट भरावं लागेल.

"मंग भरा ना. उद्या भरा."

बोरा हळूच म्हणाला, इतकी जड गाडी आता चिखलातून येणार नाही. आजूबाजूचं धान निघाल्यावर, दिवाळीनंतर. तोवर इथे कुंपण राहील आणि बांधीत पाणी सोडता येणार नाही.

वच्छलाबाई पऱ्ह्यांकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी पाणी टाकलं नसतं तं?"

"तर मला कळलं नसतं."

"अन् तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलं असतं तं?"

"तर कोणालाच कळलं नसतं."

त्यांनी ताट उचललं. ओटी तिथेच ठेवली आणि त्या निघाल्या. ओटीनंतर सगळ्यांना जेवायला बोलवायचं ठरलं होतं, वडाभात (डाळीचे वडे कुस्करून कालवलेला भात) केला होता, हे मला बोराकडून नंतर कळलं. आम्ही दोघांनी त्याच्या पत्र्याच्या खोलीत खिचडी खाल्ली. मी बरोबर वागले होते, आणि मला अगदी अपराध्यासारखं वाटत होतं.

सकाळी बसला जाताना मुद्दाम बांधीवरून गेले. वच्छलाबाई रोपं उपटून जुड्या बांधत होत्या, शेजाऱ्यांना द्यायला. मी बांधावर उभी राहिले. त्या मान वर करीनात.

"एक काम कराल का?" मी विचारलं. "त्या खड्ड्यात पाणी साचलेलं राहील. कुंपणाबाहेरूनच सकाळी बघत जा. बुडबुडे वाढले, कमी झाले, मला फोन करा. हा नंबर."

"मले काय पडलं आहे?" त्या म्हणाल्या. पण चिठ्ठी घेऊन पदराच्या गाठीत बांधली.

पुण्याला परत आले. कुलूप काढलं, चहाला एक कप पाणी ठेवलं आणि शेगडी पेटवली. त्या निळ्या जाळाकडे मी इतकी वर्षं पाहत आले, पण तो कोणाच्या तरी शेतातून येतो हे मला इतकं कधीच टोचलं नव्हतं. चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "चालू आहे," एवढं बोलून वच्छलाबाईंनी ठेवून दिला. मग रोज. हळूहळू बोलणं वाढलं. शेजारणीचं बाळंतपण, कुहीच्या बाजारातले भाव, मी काय जेवले, एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो का. मीही सांगायला लागले. सकाळी मी फोन हाताशी ठेवूनच चहा करायची.

दिवाळीनंतर यंत्र येऊन गेलं. त्यानंतरच्या एका सकाळी त्यांचा फोन आला.

"बाई, पाहून आली. पाणी निवांत आहे. एक बुडबुडा नाई."

"नक्की ना? चांगलं झालं," मी म्हटलं. "आता झाकण बसेल. पुढच्या आषाढात रोवणा करा."

"हो, चांगलं तं झालंच." मी फोन कानाशी धरून चहाचं पाणी ठेवलं.

"मंग उद्यापासून," त्या म्हणाल्या, "तुमाले फोन कायच्यासाठी करू?"