काठवटीवर चार हात

आष्टीच्या स्टँडावर सकाळची बीडची गाडी लागली तवा माझ्या एका खांद्यावर सोनी, आन दुसऱ्या हातात भाकरीचं गठुडं. सोनी माझी नात. सात वरसाची हाय, पन उचलली तर तीन वरसाच्या लेकरावानी. जल्मापून तिला दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई, आन पाय असे कडक का उभं ऱ्हाता येत न्हाई. बीडवरून मी उसाच्या गाडीत बसून कितीदा गेलते. उतरले कदीच नव्हते.

कावून निघाले ते सांगते. सोनीची आई मंगल आन माझा ल्योक माजलगावकडं उसतोडीला गेले. दरसाल सोनीला संगं न्यायचे. मागल्या साली फडात ट्रॅक्टर मागं आला, ही पाचटात निजलेली. हातभर ऱ्हायला टायर. तवा मंगल म्हनली, "आत्या, यंदा हिला तुमच्यापाशी ठिवते." माझा खांदा तीस वरसं मोळ्या उचलून गेलाय, मी घरीच असते. म्हनलं, ठिव.

आई गेली आन पोरीनं तोंड मिटलं. घास लावला का दात आवळायची. थोडं दूद, थोडा च्या, तेबी निम्मा सांडायचा. पंधरा दिस झाले. आष्टीचा डाक्टर म्हनला, पोटात काई बिघाड न्हाई, पन अजून आठ दिस असंच ऱ्हायलं तर नाकातून नळी घालावी लागंल. गल्लीतल्या बाया म्हनल्या, बाहेरचं हाय. आमचं घर बौद्ध, अंगाऱ्या-धुपाऱ्याला आमी जात न्हाई. घरोघर औषिद वाटनाऱ्या आशाताईनं चिठ्ठी लिहून दिली, बीडला अशा लेकरांची शाळा हाय म्हनं. मला काई समजंना. ज्याला दिसना, ऐकू यिना, त्याला शिकवायचं काय?

जामखेड सुटलं आन सोनीनं सुरू केलं. तळहात माझ्या मांडीवर आपटायची. थप, थप, थप. जरा थांबायची, परत थप थप. शेजारची बाई सरकून बसली.

"मावशी, पोरीला झटका येतोय का?"

"न्हाई. खोड हाय तिची."

"मंग धरा की हात. माझ्या अंगाला लागायलाय."

म्या हात धरला. पोरगी लई जोर करत हुती. पाटोदा गेलं, मांजरसुंब्याचा घाट उतरला, तवर म्या धरूनच ठिवला. डोंगराचं गवत पिवळं पडलेलं, रस्त्याच्या कडंला सीताफळाच्या पाट्या. तिला सांगावं वाटलं, घाट आला बाई. कसं सांगावं?

बीडला उतरले आन उलट्या दिशेनं चालू लागले. एका केळीवाल्यानं हाक मारली, "अम्मा, किधर जाना है?" म्या चिठ्ठी दावली. "उल्टं चाललाव की तुमी! नदी के उधर है ये." त्यानं रिक्षा थांबवली, सोनीला एक केळ सोलून दिलं. तिनं दात आवळले.

"नाराज है क्या बच्ची?"

"काय म्हाईत बाबा. सांगती का ती?"

शाळा म्हंजे तीन खोल्या. दरेक दाराला काई ना काई टांगलेलं. एकाला दोरी, एकाला टावेल, एकाला चमचा. म्हनलं, हितंबी लिंबू-मिरची हाय का काय! तितं शिकवनाऱ्या तबस्सुमबाई हासल्या. "खुना हायत, आजी. चमचा हाताला लागला का लेकराला कळतं, हितं जेवायचं."

त्या सोनीजवळ भुईवर बसल्या. तिला धरलं न्हाई, उचललं न्हाई. आपला हात उताना करून तिच्या हाताशेजारी ठिवला आन गप. किती येळ गप! म्हनलं, ही शिकवायली का झोपली? मग सोनीची बोटं हळूच बाईच्या हातावर चढली, बांगडी चाचपली. "ही माझी खून," बाई म्हनल्या. "ही बांगडी म्हंजे मी."

मंग त्यांनी सोनीच्या हातात चमचा दिला. तिनं फेकला. परत दिला, परत फेकला. म्या तिच्या कानाशी तोंड नेऊन वरडले, "खा ग माय!"

"आजी, तिला ऐकू येत न्हाई."

"म्हाईत हाय की. पन गप बसून कसं खाऊ घालू?"

बाईनं इचारलं, "घरी घास द्यायच्या आदी काय करता?"

"आदी काय करायचं? अंगनात चुलीवर भाकरी करते. निवली का कुस्करून चारते."

"तवा सोनी कुठं असती?"

"आत, खाटंवर. चुलीपाशी आनली तर भाजंल की."

"आन तिची आई कसं करती?"

"तसंच. मीच शिकवलंय तिला," म्या जरा ताठ्यातच म्हनलं.

बाईला पटलं न्हाई. त्यांनी माझ्या मोबाईलवरून मंगलला फोन लावला. मागं कोयत्याचा आवाज यायला.

"जयभीम, आत्या. खाल्लं का तिनं?"

"न्हाई," म्या म्हनलं. कोयता थांबला.

बाईनं इचारलं तसं मंगल म्हनली, "मी काईच करत न्हाई ओ बाई. भाकरी थापते आन चारते."

"थापताना सोनी कुठं असती?"

"मांडीवर. कोपीत (उसतोड्यांच्या पाचटाच्या खोपटात) दुसरी जागा कुठाय? घरीबी तीच सवं लागली, आत्या उठायच्या आदीच थापून घेते. माझ्या हातावर हात ठिवून बसती. खेळ हाय तिचा."

"आजी, सापडलं," बाई म्हनल्या. मला काई दिसंना काय सापडलं ते.

"तिला वास येतो, पन तिची भाकर हातापासून सुरू हुती. थापलं का तिला कळतं, आता जेवायचं. तुमचा घास एकदम तोंडावर येतो. आंधारात कुनी तुमच्या तोंडात काई कोंबलं तर खाल का?"

"कोन कोंबतंय त्यावर हाय," म्या म्हनलं. आन फेकलेला चमचा उचलून ठिवला.

शाळेच्या सैपाकघरात काठवट (पीठ मळायची, भाकर थापायची लाकडी परात) न्हवती, ष्टीलची परात हुती. बाईनं सोनीला माझ्या मांडीवर बसवलं. "तिचा हात वर, तुमचा खाली. वरून दाबायचं न्हाई. सोडावं वाटलं तर तिनं सोडावं."

पहिली भाकर मोडली. सोनीचा हात माझ्या हातावर नुस्ता पडलेला. दुसऱ्या भाकरीला खांद्यातून कळ आली, पन थांबले न्हाई. पोरीची बोटं ताठली. तिसऱ्या भाकरीला तिनं माझ्या हातावरून थाप मारली. माझी एक, तिची एक. सदा लाकडावानी असलेलं अंग माझ्या छातीला टेकून ढिलं पडलं. भाकर अजून तव्यावरबी न्हवती, आन पोरीनं तोंड उघडलं.

चतकोर खाल्ली. तबस्सुमबाईचे डोळे भरले. मी रडले न्हाई, तव्यावरची करपत हुती ती उलथली. मंगलला फोन करून सांगितलं. तिकडं कोयत्याचा आवाज परत सुरू झाला.

दुपारच्या गाडीनं माघारी निघालो. घाट चढायला लागलो आन सोनीनं माझ्या मांडीवर हात आपटला. थप, थप, थप. माझा हात सवयीनं तिचा हात धराया गेला, आन अर्ध्यातच थांबला. सकाळी हेच करत हुती. पंधरा दिस हेच करत हुती. दर येळी म्या हात धरला. एकदा तर चापट मारलेली. खोड म्हनत हुते मी.

गठुडं सोडलं. घास आदी तिच्या बोटाला लावला, मंग तोंडाला. खाल्ला.

आता रोज सकाळी काठवटीवर आमचे चार हात असतात. चुलीच्या बाजूला म्या दगडांची आड लावलीय. नळी घालायची येळ आली न्हाई. पन समदं कळलं म्हनावं तर तसंबी न्हाई. एखाद्या दिशी ती थापती, मी घास देते, ती घेत न्हाई. माझा हात मनगटापून कोपरापर्यंत चाचपती, खांद्यापर्यंत येती, आन सोडून देती. भाकर मागती का आई मागती, मला उमगत न्हाई. परत बीडला गेलते तवा बाईला इचारलं. बाई म्हनल्या, "आजी, मलाबी ठाऊक न्हाई."

तसल्या दिशी मी काई करत न्हाई. पीठ न्हाई, काठवट न्हाई, नुस्ता हात खाली ठिवते, तिचा वर. थापू देते.