केदारखेड्यापर्यंत

बायको माहेरी गेल्यावर मी पेंटबॉल खेळायला लागलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे वाक्य शोभत नाही, पण खरं तेच आहे.

तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ती भोकरदनच्या पुढं, पिंपळगाव रेणुकाईला गेली. निघताना म्हणाली, "आई चालायला लागली की फोन करते. मंग या न्यायला." फोन रोज व्हायचा. गॅस संपला का, पाणी आलं का, बीपीची गोळी घेतली का. तेवढं झालं की फोन ठेवायचा. "न्यायला येऊ का" असं मी विचारत नव्हतो आणि "या" असं ती म्हणत नव्हती. बोलावल्याशिवाय जावयानं सासुरवाडीची पायरी चढू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय माझी नोकरी जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत, उगवण तपासायची. ओल्या कागदात बी गुंडाळायचं आणि थांबायचं. थांबण्यात मी तरबेज. पण संध्याकाळी एकट्यापुरता भात लावला की तो शिजेपर्यंत काय करावं कळायचं नाही. फार एकटं वाटायचं.

ग्राउंड त्याच भोकरदनच्या रस्त्यावर, केदारखेड्याच्या अलीकडे, एका ढाब्यामागच्या पडीक वावरात आहे. ढाबेवाल्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका आणि मास्क आणले. आडोशाला डांबराचे ड्रम, ट्रॅक्टरचे टायर आणि कडब्याच्या गंजी. ऑफिसातले लोक मला एकदा तिथं घेऊन गेले. ते परत फिरकले नाहीत, मी मात्र दर रविवारी जायला लागलो, तिथल्याच एका टीमकडून खेळायला. मला पळता येत नाही, म्हणून मागच्या ड्रमाआड उभं करायचे. मागच्याचं काम ओरडायचं. पुढचे वाकून बसलेले, त्यांना काही दिसत नाही. मागच्यानं सांगायचं, गंजीमागं दोघं, टायरापाशी एक, उजवीकडचा सरकतोय. आठवडाभर ज्याच्या तोंडून धड वाक्य निघत नव्हतं तो मी रविवारी घसा बसेपर्यंत बोलायचो, आणि चार माणसं मी सांगेन तशी हलायची. भरल्या घरातल्यांना यातलं सुख कळायचं नाही.

आमचा कप्तान वेल्डिंगच्या दुकानाचा मालक. बंदूक बिघडली की तोच दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं एकच, "गोळी कोनी बी मारंल सर, जागा धरता आली पायजे."

त्या रविवारी भोकरदनच्या टीमशी सामना होता. सुरू व्हायच्या आधी त्यानं मला बाजूला घेतलं.

"आज तुम्ही बोलायचं न्हाई. डाव्या बांधाच्या कडंनं टायरामागं जाऊन पडा. आम्ही उजवीकडं गडबड करतो. ते तिकडं फिरले की त्यांच्या पाठी बराबर तुमच्यासमोर. मी आवाज देतो, मंग उठा. तवर बिलकुल हलू नका."

"बाकीच्यांना सांगितलं?"

"न्हाई. सांगितलं की सगळे तुमच्याकडंच बघतेत, अन् भोकरदनवाल्यांना कळतंय."

डाव बिनतोड होता. शिट्टी झाली, उजवीकडं आरडाओरडा उठला आणि मी गुडघे सोलत टायरामागं पोचलो. गवतात पालथा पडलो. थोड्या वेळानं भोकरदनचे तिघं खरंच गंजीमागून उजवीकडं फिरले. तीन पाठी, उघड्या, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी बोट घोड्यावर ठेवलं आणि हाकेची वाट बघत राहिलो.

हाक आली नाही. कप्तानालाच गोळी लागली होती. इथला नियम कडक आहे: गोळी लागली की हात वर करून बाहेर जायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाहेर जायची वाट डाव्या बांधावरूनच, त्यामुळं तो माझ्या जवळून गेला. मास्कच्या काचेवर हिरवा रंग ओघळत होता. जरा थबकला, माझ्याकडं बघितलं, त्या तीन पाठींकडं बघितलं आणि निघून गेला.

मी थांबलो. दुसरं कुणीतरी हाक देईल असं वाटलं. पण मी तिथं आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. आमची माणसं एकेक करून हात वर करून गेली. आवाज थांबले. रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायला लागले. शेवटी भोकरदनचा एक जण टायरापाशी आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही अजून हितंच?" वयाचा मान राखून त्यानं गोळी माझ्या बुटावर मारली.

चहाला कप्तान माझ्याशेजारी येऊन बसला. चिडलेला नव्हता, पण सोडणाराही नव्हता.

"सर, मी तुमच्यासमोरून गेल्तो. पाहिलं न्हाई का?"

"पाहिलं."

"मंग?"

"तुम्ही आवाज देणार होतात."

"मेलेला मानूस कसा आवाज देईल? पाठी दिसू राह्यल्या होत्या, बंदूक भरलेली होती. मंग तुम्ही वाट कोनाची बघत होते?"

बाकीचे हसले. मीही हसलो. कप ठेवून मी गाडीपाशी गेलो आणि बायकोला फोन लावला. माझी फोनची वेळ संध्याकाळची, त्यामुळं ती घाबरलीच.

"काय झालं?"

"काही नाही. आईंचं कसं आहे?"

"आई कवाच चालायला लागली. आता शेजारी जाऊन बसते."

"मग फोन का नाही केलास?"

"रोजच तर बोलतो आपण. तुम्ही एकदा तरी विचारलं का?"

  तिच्यामागं कोंबड्या कलकलत होत्या.

"भाऊ सांगत होता," ती म्हणाली, "दाजी दर रविवारी केदारखेड्यापर्यंत येतेत, बंदुका खेळतेत, अन् माघारी जातेत. मी म्हनलं, जाऊ दे, तिथून पुढं रस्ता नसंल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्यासोबत निघेल की नाही, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती. मी बुटावरचा रंग तसाच ठेवला आणि गाडी भोकरदनच्या बाजूला वळवली.