मालक गेला, ऊस उभा

सांत्र द फ्लाकच्या आमच्या ऊस सोसायटीत नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा राजधानी पोर्ट लुईहून एक बाई दिवसभरासाठी आल्या होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यातल्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, शेतकरी होते, दुसऱ्यात त्यांची शेतं. ज्या शेताला मालक सापडत नाही, त्याची ओळ बाईंनी काढायची होती.

"उडवा सगळ्या, कचरा आहे," मी म्हणालो.

"आतान, आतान!" बोट वर करून त्यांनी मला थांबवलं, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आधी त्या ओळी पडद्यावर मागवल्या. गावं वाचून त्या हसल्या. "भाऊ, ही आपली मराठी घरं. माणूस गेला तरी वर्षश्राद्धापर्यंत ऊस त्याच्याच नावावर घालतात. तुम्ही मयत म्हणून मालक पुसलात, ऊस उभाच आहे."

मयतांची नावं त्यांनी परत घातली. मग बेधडक डिलीट चालवलं. खरा कचरा तेवढा गेला.

संध्याकाळी वजनकाट्यावर त्यांतल्याच एका मयताच्या नावाचा पुकारा झाला. ओळ उडाली असती, तर त्याची लॉरी फाटकातूनच परत गेली असती.

"हाय की!" लॉरीवरून त्याची बायको ओरडली. "आणलाय ऊस!"