नेट भरून नेता येतं का?

वर्ध्याच्या दुकानात माझ्या मुलाने टॅब दाखवायला सांगितला, तर काउंटरवरच्या माणसाने उलट आम्हालाच विचारलं, "सिमवाला काढू की बिनसिमचा?"

माझ्याकडे न बघताच मुलगा म्हणाला, "बिनसिमचा. घरी वायफाय हाय."

"आन घराबाहेर नेला तर?" मी विचारलं.

"मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, आजी."

"आन मोबाइलवाला सोबत नसला तर?"

"तर नाई चालत."

"मंग पुढे कधी वाटलं, तर सिमची खाच पाडून भेटते काय?"

दुकानवाला हसला. खाच कारखान्यातूनच येते, घेतानाच काय ते ठरवा म्हणाला. आयुष्यभराचं काही असं उभ्याउभ्या ठरण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली होती, लग्न जमताना, आणि तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं. आता विचारत होते तर मी सवड घेणारच. म्हटलं, घरी चल, विचार करू. आमचं देवळी गाव येईपर्यंत मुलगा फुकट गेलेल्या फेरीचा हिशेब सांगत राहिला.

टॅब हवा होता डोळ्यांसाठी. मुलाच्या मोबाइलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात, आणि माझा स्वतःचा फोन म्हणजे साधा, बटणांचा. पण सिमचा घोळ मी घातला तो डोळ्यांसाठी नाही. तो माझ्या मैत्रिणीसाठी.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची मातीची मूर्ती बसते. पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकण लावलेल्या डब्यात खाऊ आणते, डबा खुळखुळवते, आणि बाकीच्यांनी नुसत्या आवाजावरून सांगायचं आत काय आहे ते. पोरींना आता क्लास असतात, म्हणून आम्ही म्हाताऱ्यांनीच हा कारभार पुन्हा हाती घेतला. रोज एकीची पाळी. माझ्या या मैत्रिणीचा खाऊ सहसा ओळखला जात नाही. एका वर्षी तिने मुरमुऱ्यांत एकच सुपारी टाकली होती, आम्ही तासभर भांडत बसलो.

यंदा ती घरातच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, घरी आली, पण घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर आणि जिना असा की मांजरानेही विचार करून चढावं. तिला खाली येता येईना आणि आमच्या मंडळातल्या एकीचेही गुडघे तिथे चढण्यासारखे नाहीत, माझे सोडून. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, यंदा तिची पाळी गाळायची. तो निरोप न्यायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

तिने तो पडल्यापडल्या ऐकला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मले आतापासूनच गाळून राह्यल्या काय व तुमी?"

 जिना उतरताना डोक्यात आलं, टॅबवर बायका दिसतात, बोलतात. मग तिने खाटेवरून डबा वाजवला आणि आमच्या अंगणात बसून बायकांनी ऐकला, तर पाळी झालीच की.

नात सुट्टीला आली होती, तिचा टॅब बिनसिमचा. वर्ध्याहून परतल्यावर तो मी मागून घेतला आणि प्रयोगाला लागले. अंगणात चालतो, तुळशीपाशी चालतो, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की चाक फिरायला लागतं. मागे आलं की पुन्हा चालतो. मी चार वेळा आतबाहेर केलं. समोरच्या घरातली बाई विचारती झाली, "काकू, काही हरवलं काय?"

मला वाटलं, नेट येतं तर ते कुठेतरी साठतही असेल. आमच्याकडे नळ एक दिवसाआड. आला की पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, ड्रम, जे दिसेल ते भरून ठेवायचं, आणि मग नळ गेला तरी घर चालतं. त्या हिशेबाने मी टॅब दुपारभर वायफायच्या डब्याला टेकवून ठेवला, पार अंग गरम होईपर्यंत. संध्याकाळी पदराखाली झाकून मैत्रिणीकडे नेला.

"आता पाह्य," मी म्हटलं, "भरून आणलं."

दोघी बघत बसलो. चाक फिरत राहिलं.

"वाटेत सांडलं असन," ती म्हणाली.

पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, त्यामुळे माझी फजिती मला फारशी लागली नाही. घरी नातीला सांगितलं तर ती जमिनीवर बसून हसली, पण नंतर म्हणाली, "आजी, तू पूर्ण चूक नाहीस. गाणी, सिनेमे आधी उतरवून ठेवले तर बाहेर दिसतात. ते भरून नेता येतं."

"मंग बायका काऊन नाई भरता येत?"

"कारण त्या काय बोलणार हे अजून ठरलेलं नाही ना."

मला हे उत्तर फार आवडलं. म्हणजे झालेलं नेता येतं आणि होणारं नेता येत नाही. मी दिवसभर घरातल्या वस्तूंकडे बघून हाच विचार करत होते: लोणचं नेता येतं, गप्पा नाही.

मुलाचं म्हणणं एकच, "आई, तुले एका संध्याकाळसाठी सिम पाह्यजे? मी येतो ना सोबत. माया फोनवर चालून जाते." सुनेचा फोन अंगणातल्या बायकांसमोर लागणार होता, म्हणून हॉटस्पॉट मुलाच्या फोनचा. रंगीत तालीम करू म्हणाला. पुलगावहून कामावरून आला तसा बिचारा जिना चढला. तो रस्त्याकडच्या खिडकीशी उभा राहिला, आम्ही खाटेवर टॅब लावला, पलीकडे सून आली, मैत्रीण तिला नवऱ्याच्या हातच्या वरणाबद्दल तक्रार सांगायला लागली. एवढ्यात मुलाला साहेबाचा फोन आला. तो बोलत बोलत जिना उतरला, दुकानासमोर गेला, तिथून पानठेल्याकडे. सून तोंड उघडं ठेवून थांबली ती थांबलीच.

"तुयं नेट चालत गेलं व," मैत्रीण म्हणाली.

तेव्हा मला आमच्या गल्लीतली एक बाई आठवली. तिशीतली, नाकाच्या शेंड्यावर पावडर. म्हणजे मीच. गल्लीत तेव्हा फोन एकच, समोरच्या कापडाच्या दुकानात. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेवर त्यांचाच नंबर छापलेला, पुढे पीपी, म्हणजे फोन शेजारचा, हाक मारून बोलवावं. आणि ही बाई त्या पीपीवर काय खूश! आमच्या ह्यांनी घरी फोन घ्यायचं काढलं तर म्हणते कशी, "समोर असताना आपल्याले कायले? उगाच घंटीचा तरास." मला फोन आला की दुकानातून हाक यायची. मग बाईसाहेब केस विंचरणार, निऱ्या ठीक करणार, पावडर लावणार आणि रस्ता ओलांडणार, तोवर पलीकडच्याचे पैसे संपलेले. बहिणीला मुलगा झाला हे मला कळण्याआधी त्या दुकानात पातळ बघणाऱ्या बायकांना कळलं होतं, त्यांनी मला पेढे मागितले म्हणून मला कळलं. तरी तिचं मत बदललं नाही. दुकान मंगळवारी बंद असायचं, तर ही म्हणायची मंगळवारी कोण मरतं. ती आज भेटली तर पहिल्यांदा विचारीन, बाई, फोनमधून पावडर दिसते काय गं?

मुलगा पानठेल्यावरून परत आला. मी त्याला म्हटलं, "तुया नेटवर मी पीपी हाओ. मले मायं पाह्यजे."

"डोंगल घेऊ मग, नेटची डबी. खिशात ठेवजो."

"मले खिसा कुठी हाय?"

मग सिमवालाच घेऊ म्हणाला. पण मला एक शंका उरली होती. सिम घेतलं आणि तिच्या खोलीत ते चाललंच नाही तर? तिला व्यायाम करून घ्यायला सावंगीहून एक मुलगी यायची. तिच्या फोनात दोन कंपन्यांची सिमं. मी तिला म्हटलं, बाई, पाय नंतर उचल, आधी फोन उचल. खाटेपाशी दोन्ही सिमं मेली. दारात एकाला थोडी जान आली. रस्त्याकडच्या खिडकीपाशी त्याच एकाच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. म्हणजे कंपनी ठरली, आणि खाट खिडकीपाशी न्यावी लागणार हेही ठरलं.

मैत्रीण नाही म्हणाली. खाट होती तिथून तिला स्वयंपाकघर दिसायचं. नवरा चहात साखर किती टाकतो, तेल कसं ओततो, सगळं पडल्यापडल्या.

"तिकडं नेलं तर हा मानूस घर बुडवन."

नवरा आतून म्हणाला, "न्या, मी मदत करतो."

शेवटी मी म्हटलं, "तुले पाळी पाह्यजे की साखर?"

तिने स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "न्या."

सिमवाला टॅब आला. महाग पडला, मुलाने ते दोनदा सांगितलं, मी दोनदा ऐकलं. तिच्या पाळीच्या दिवशी तो घेऊन मी एकटीच जिना चढले, कुणाला सोबत न घेता, कुणाच्या फोनची वाट न बघता. खाट खिडकीशी होती. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, म्हणजे वरचा भाग. खाली पायाला पट्टे. टॅबवर आमचं अंगण दिसलं, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, भुलाबाई, आणि मंडळ दाटीवाटीने सुनेच्या फोनमध्ये वाकलेलं. गाणी मागेपुढे ऐकू येत होती, अर्धी ओळ इकडे, अर्धी तिकडे. तिने सगळी म्हटली.

मग तिने उशीमागून पितळी डबा काढला आणि वाजवला.

खडखड खडखड. मी शेजारीच होते, मला लगेच कळलं: फुटाणे आणि खडीसाखर. यंदा फारच सोपं केलं होतं तिने. बसूनच करावं लागलं असेल, दुसरं काय जमणार.

टॅबमधून आवाज आला, "वाजव ना व."

"वाजवून राह्यली."

"काहीच नाई येऊन राह्यलं. शिरा हाय काय?"

"नाई."

"केळं?"

"नाई."

"पेढे? सांजा? दह्याची कवडी?"

तिने डबा पुन्हा हलवला, पार खिडकीचे गज वाजतील असा. पलीकडे सगळ्या कान लावून बसलेल्या, कुणालाच काही नाही. बोलणं स्वच्छ पोचावं म्हणून टॅब बाकीचा खडखडाट गाळून टाकतो, हे नातीने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की मंडळातल्या सगळ्या जुन्या खेळाडू मऊ मऊ पदार्थांची नावं घेत हरत चालल्या आहेत.

मैत्रिणीने टॅब छातीशी उलटा धरला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "यायले ऐकूच नाई जाऊन राह्यलं काय व?"

"तू वाजव," मी म्हटलं.

तिने टॅब सरळ केला, उशीला नीट टेकली आणि आणखी जोरात वाजवला. "सांगा," ती म्हणाली, "नाई तर हरल्या म्हणा."