एकोणीस मिनिटांची रांग

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत बातमी आली, की दुसऱ्या मजल्यावरच्या प्लंबरला फुटबॉलच्या मैदानावर बायकांच्या बाथरूमपाशी पकडलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून निघाली तेव्हा ती एवढीच होती. पहिला मजला ओलांडेपर्यंत तो बाथरूमच्या आत जाऊन पोचला आणि तिसऱ्या मजल्यावर त्याच्या हातात कॅमेरा आला. मी पहिल्या मजल्यावर राहते. कॅमेऱ्याशी माझा काही संबंध नाही. त्याला आत मात्र मीच ढकललं असेन, नाकारत नाही.

खरं काय ते ऐका. तो बाहेरच होता, दारापासून अकरा पावलांवर, चहाच्या काउंटरला टेकून. हातात वही आणि घड्याळ, कानावर पेन्सिल. पहारेकऱ्याने विचारलं, काका, इथे काय करताय? कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बायको आत गेलीय, वाट बघतोय. हा म्हणाला, "मोजतोय."

आणि वहीत काय होतं? लाल टोपी, आत ३:४६. हिरवी पिशवी, आत ३:४७. उंच, चष्मा, ३:४७. पहारेकऱ्याच्या जागी मी असते तर मीही शिट्टी मारली असती.

याला सगळे वॉशर म्हणतात. कुठलाही नळ गळू दे, आधी न बघताच म्हणणार, वॉशर गेलाय. दहापैकी नऊ वेळा तोच गेलेला असतो, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी तोंडावर भाऊजी म्हणते. पस्तीस वर्षं प्लंबिंग करून त्यांचा पाण्यावरचा विश्वास उडालाय, माणसांवरचा बहुधा त्याआधीच उडाला असावा. नवा जोड बसवला, हात फिरवला, कोरडा लागला, तरी हा माणूस निघत नाही. जोडाखाली वर्तमानपत्राच्या तुकड्याची घडी ठेवून तासभर स्टुलावर बसतो. थेंब डोळ्याला चुकतो, कागदावर डाग पडतोच, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे चहा घेतला तर आधी चमचा तळापर्यंत फिरवून साखर आहे का बघतात. घरात ताप मोजायची यंत्रं दोन, कारण एक खोटं बोललं तर दुसरं चाडी करेल.

अशा माणसाच्या गळ्यात फुटबॉल कसा पडला? लग्नातून. ताई, म्हणजे त्यांची बायको, कपडे आल्टर करण्याचं दुकान चालवते. तिचे वडील त्याच मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे. ती त्या रेषांवरून पाऊल न ढळू देता चालत मोठी झाली. झेंडेवाला झेंडा वर करायच्या आधी ताई ऑफसाइड म्हणते आणि बरोबर असते. भाऊजींनी पहिलं वर्षभर खेळ बघितलाच नाही, मैदानाचा उतार कुठे आहे आणि पाणी कुठे मुरतं तेवढंच बघत होते, हे ताईच हसून सांगते. पण सव्वीस वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, पूर्वेकडचा स्टँड, नववी ओळ.

गेल्या हंगामातला शेवटचा सामना. बारा वर्षांनी क्लब चषकाजवळ आलेला. मध्यंतराला ताई बाथरूमला गेली. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, रांग संपता संपेना. उत्तरार्ध सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला गोल झाला, बारा वर्षं ज्याची वाट बघितली तो. ताईने तो फरशीच्या भिंतीपलीकडून ऐकला. परत आली तेव्हा सगळी ओळ एकमेकांच्या गळ्यात पडलेली. तिने विचारलं, कोणी मारला? कोणाला सांगायची शुद्ध नव्हती.

त्यानंतर ताई मैदानावर गेली नाही. म्हणायची, गुडघे दुखतात. भाऊजींना गुडघ्यांचा संशय आला. कोणाचे गुडघे फक्त सामन्याच्या दिवशी दुखतात? दुकानाच्या शिडीवर चढून वरच्या फळीवरचे गठ्ठे काढताना तर ती माकडासारखी चढते. वर्षभर ते एकटेच जायचे, शेजारच्या खुर्चीवर स्वतःचं जाकीट घालून ठेवायचे. आणि आता नियम असा, की हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पास नवा केला नाही तर खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जाते. ताईने सांगून टाकलं होतं, माझा करू नका. सामने उरले होते तीन.

क्लबचं म्हणाल तर त्यांना त्याच सुमारास प्रेक्षकांचा पुळका आला होता. सामन्याच्या दिवसाचा अनुभव सुधारायचा म्हणून भिंतीएवढा पडदा लावला. अस्वलाचं सोंग घेतलेला माणूस स्टँडमधल्या गल्लीगल्लीतून नाचायला लागला. गाणी इतकी मोठ्याने, की रेफ्रीला शिव्या दिल्या तर त्या आपल्यालाच ऐकू येईनात. बाहेर पडायच्या फाटकाशी तीन बटणांचा खांब उभा केला, हिरवा हसरा चेहरा, पिवळा मधला, लाल रडका. भाऊजींनी क्लबला पत्र लिहिलं, बायकांची रांग फार लांब आहे. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. इस्त्रीवाल्याने चहा गार मिळतो म्हणून लिहिलं होतं, त्यालाही उत्तर आलं होतं. भाऊजींनी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. स्वल्पविरामसुद्धा एकमेकांवर बसले.

तेव्हा त्यांनी वही काढली. लाल टोपी आत किती वाजता आणि बाहेर किती वाजता, एवढंच ते मोजत होते. पुरुषांची रांग दोन मिनिटं, बायकांची एकोणीस. मध्यंतर पंधरा.

पहारेकऱ्याच्या तक्रारीवरून क्लबने त्यांना ऑफिसात बोलावलं. तिथे टेबलापलीकडे तरुण बाई, छातीवर बिल्ला, अनुभव अधिकारी. तिचा भाऊजींवर संशय, भाऊजींचा तिच्या बिल्ल्यावर. तिने रंगीत तक्ता पुढे सरकवला, शंभरातले ब्याण्णव प्रेक्षक समाधानी. भाऊजींनी विचारलं, खांब कुठे आहे? फाटकाशी. दाबतं कोण? जाता जाता सगळेच. भाऊजी म्हणाले, जिंकलो की मुलं हिरवं बटण चाळीस चाळीस वेळा दाबतात, मी स्वतः मोजलंय. आणि वैतागलेली बाई कधीच घरी गेलेली असते. मग निघताना दारातून विचारलं, मॅडम, मध्यंतराला तुम्ही कुठल्या बाथरूमला जाता? तिने वरच्या मजल्याकडे बोट केलं आणि मग ते खाली घेतलं.

घरी येताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. वहिनी, एक काम आहे, मी आत जाऊ शकत नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. ताईला सांगायचं नाही, अशी अट. का, तर काम फसलं तर ती पुन्हा म्हणून येणार नाही. वरच्या कठड्यावरून ताईने आम्हाला कुजबुजताना बघितलं. बघू दे म्हटलं. या वयात माझ्याबद्दल कोणाला संशय यावा, हे काय कमी आहे?

पुढच्या सामन्याला मी उभी राहिले त्या रांगेत. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, रांगेतलं कळतं. माझ्यापुढे साधा कोट घातलेली एक मुलगी, सारखी मनगटाकडे बघणारी. सोळाव्या मिनिटाला बाहेर आरडाओरडा झाला. ती टाचा उंचावून विचारायला लागली, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, गोल झाला असेल बाई, इथे आपल्याला फक्त आवाज मिळतो. तिने कोटाच्या खिशातून बिल्ला काढला आणि उगाचच परत ठेवला. तेव्हा मला कळलं ही कोण.

आत दरवाजे आठ, त्यातले तीन कुलूपबंद. उरलेल्या पाचात फ्लशची टाकी भरायला चार मिनिटं. बायका दांडी दाबतात, टाकी नुसती उसासा टाकते, मग थांबा. मी मिनिटं मोठ्याने म्हटली, मॅडमनी लिहून घेतली. मग त्यांनी कुलपं उघडवली. एका दारामागे जुन्या जाहिरातींचे फलक, दुसऱ्यामागे खुर्च्या, तिसऱ्यामागे कमोडवर बसलेलं अस्वलाचं जादा डोकं. मी किंचाळले असं मॅडम सांगतात. मला आठवत नाही.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, वॉशर नाही. मधल्या वारी मैदान रिकामं असताना मॅडमनी त्यांना आत नेलं, सोबत मैदानाचा फिटर. जमिनीतल्या चेंबरचं झाकण उचललं तर बायकांच्या बाजूचा मेन कॉक चारातले तीन हिस्से बंद. फिटरने आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. वर खास पाहुण्यांची बैठक बांधली तेव्हा तिथल्या नळांना जोर येईना, म्हणून खालचा आवळला. खालून कोणी तक्रार केली नाही, असं वर तोच सांगतो. बायका तक्रार करतील कधी, त्यांचं मध्यंतर रांगेतच संपतं. पाहुण्यांचं काय, असं मॅडमच्या तोंडावर आलेलं दिसलं म्हणे. मग म्हणाल्या, काका, उघडा, आणि ते बंद तीन दरवाजेही जोडून चालू करून द्या.

आता ताई. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात, हातात ती वही. लाल टोपी, हिरवी पिशवी, उंच, चष्मा. इस्त्रीवाल्याने आपलं काम चोख केलेलं होतंच. म्हणाली, "यांचं तुझ्याकडे काय काम असतं, आणि या बायका कोण?" मी शपथेला बांधलेली. म्हटलं, ताई, सामन्याला ये आणि स्वतःच बघ. "येतेच," ती म्हणाली. "बघतेच काय चाललंय ते." गुडघ्यांचा शब्दही काढला नाही.

तर अशी वर्षभराने ताई नवव्या ओळीत बसली, तोंड फुगवून, नवऱ्यावर एक डोळा आणि चेंडूवर एक. भाऊजींनी जाकीट उचलून मांडीवर घेतलं. मध्यंतराला ती उठली. ते जागचे हलले नाहीत. मी मागच्याच ओळीत बसले होते, घड्याळ मनगटावरून काढून माझ्याकडे दिलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर तळहात ठेवून बसले. मला म्हणाले, तुम्ही बघा, माझ्याने बघवत नाही.

सहा मिनिटं. माझ्या शपथेवर सांगते, सहा. उत्तरार्धाला अजून वेळ होता, अस्वल अजून नाचत होतं. ताई आली, बसली आणि मुठीतला वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. आठही टाक्यांच्या जोडाखाली तसे तुकडे होते, हे मला तेव्हा कळलं. या शहाण्याने सगळं जोडून झाल्यावर ठेवले होते आणि काढायला परत गेला नव्हता. जगात दुसरा कोणी असं करत नाही, हे त्याच्या बायकोइतकं कोणाला माहीत असणार.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

त्यांनी तो दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. तिच्या शब्दावर विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. मग खेळ सुरू झाला, ताई दहाव्या मिनिटाला ऑफसाइड म्हणून ओरडली, झेंडा नंतर वर गेला. आपला क्लब हरला. जाताना ताईने पासाच्या खिडकीशी थांबून दोन्ही पास पुढे केले, आणि लाल टोपीचं काय ते घरी गेल्यावर बघू, असं सुनावलं.

फाटकाशी मॅडम खांबाजवळच उभ्या होत्या, बिल्ला लावून. हरलेल्या सामन्यानंतर हिरव्या बटणाकडे कोणी फिरकत नव्हतं. त्या भाऊजींना म्हणाल्या, काका, आता तरी हसरा चेहरा दाबा. भाऊजींनी खांबाकडे बघितलं, मग खाली वाकून त्याची वायर कुठे जाते तेही बघितलं.

"एका दिवसाच्या पाण्यावर नाही दाबत," ते म्हणाले. "पुढच्या हंगामात आम्ही दोघं येणारच आहोत. तेव्हाही टाकी भरली, तर बघू."