दोन खिळ्यांची होडी

मासळी साफ करून हात कितीही धुवा, खवले काही जात नाहीत. एखादा बांगडीखाली सापडतो, एखादा केसांत, आणि एखादा दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाला चिकटलेला! जुझे मिस्त्री आमच्या घिवलीच्या वाळूवर होडी बांधत होता, त्या दिवसांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मुद्दाम जमवले नाहीत हो. माझा ओटाच त्या वाळूच्या समोर! लोक म्हणतात, यमूवयनीला नसत्या चौकशा फार. आता समोर घडत असताना काय डोळे मिटून बसायचं?

आधी जुझे कोण ते सांगते. दमणचा ख्रिस्ती सुतार. आमचा दामूदादा तांडेल, म्हणजे होडी घेऊन समुद्रावर जाणारा म्होरक्या, त्याने याला जुन्या होडीच्या दुरुस्तीला आणला. दुरुस्ती झाली, पण जुझे काही परत गेला नाही. वसईकडच्या फिलूशी लग्न केलं आणि आमच्या शेजारी बिऱ्हाड थाटलं. दामूदादाची नवी होडीही त्यानेच बांधायला घेतली.

दमण तेव्हा पोर्तुगीजांचं. आम्हाला त्याचं काय? वारा चांगला असला तर सकाळी निघालेली होडी दिवे लागायच्या आत तिथे. पण मग सरकारने वाटा बंद केल्या. तिकडच्या माणसाला इकडे राहायला परवाना लागायला लागला. जुझेकडे तो नव्हता. काढावा असं त्याला सुचलं नाही, आणि विचारावं असं आम्हाला सुचलं नाही.

सुचलं ते शेळके जमादाराला.

*

शेळके जमादार नगरकडचा. भरदार मिशा, आवाज असा की ओट्यावरची भांडी हलावीत. समुद्र पाहिला तोच मुळी आमच्याकडे बदली झाल्यावर. पहिल्यांदा आला तो बूट घालून वाळूतून चालत. आमच्यापर्यंत पोचला तेव्हा अर्धी चौपाटी त्याच्या बुटात!

"परवाना कुठंय?"

जुझेने लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला, हात पुसले. "नाय साहेब."

"मग चल. हद्दीपलीकडं सोडायचा हुकूम आहे."

फिलू दारात उभी होती, तिच्या हातातलं सूप खाली पडलं. दामूदादा मात्र शांत. म्हणाला, "न्या साहेब. पन या होडीचा पयला खिळा त्याच्या हातचा हाय."

"मग?"

मग सगळ्यांनी मिळून जमादाराला समजावलं. आमच्याकडे नवी होडी घातली की लोहार एकाच लोखंडातून दोन खिळे घडवतो. पूजा दोघांची एकदम. पहिला खिळा तळाच्या लाकडात ठोकायचा. दुसरा लाल फडक्यात बांधून होडीच्या पुढच्या टोकाला टांगायचा. होडी पुरी झाली की तो शेवटचा. आणि पहिला ज्या हाताने, शेवटचाही त्याच हाताने! हात बदलला किंवा खिळा बदलला, तर त्या होडीत पाय ठेवायला एक खलाशी मिळायचा नाही.

जमादाराने त्या लाल पुरचुंडीकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "आमच्याकडं विहिरीचं असंच असतंय. बरं, पुरी कधी होईल?"

"पावसाच्या आत," दामूदादा म्हणाला.

जमादार गेला. तो पार दिसेनासा झाल्यावर फिलूने हळूच विचारलं, "दादा, कुठच्या पावसाच्या?"

दामूदादा विडी पेटवत म्हणाला, "ते त्यानं इचारलंच नाय!"

*

पण जमादार सहजी सोडणारा नव्हता. जुझेबद्दल गावाचं म्हणणं लिहून घ्यायला तो पुन्हा आला. पहिलीच भेटली गोमीबाय मासळीवाली. तिचा जुझेवर राग होता, कारण तिच्या मुलाच्या होडीची दुरुस्ती त्याने ताटकळत ठेवली होती.

गोमीबाय जी सुरू झाली! आमच्या कोळणीचं बोलणं, त्यात राग! नगरच्या माणसाला त्यातलं काय कळणार? जमादार नुसता पेन्सिल धरून उभा. शेवटी वैतागून म्हणाला, "अरे, कुणीतरी मला सांगा ही काय बोलती!"

आणि पुढे कोण आला? जुझे!

"ती सांगते साहेब, की मी परका आहे. मला आजच्या आज घेऊन जा."

जमादार बघतच राहिला. गोमीबाय पुढे बोलतेय, जुझे वाक्य न् वाक्य सांगतोय. आळशी म्हणाली, तर आळशी. तोंडावर गोड बोलतो म्हणाली, तर तेही!

"येड्या," जमादार शेवटी म्हणाला, "तुझ्याच विरुद्ध बोलतीय ती. थोडं गाळायचंस की!"

"तिचं बोलणं तिचं, साहेब. माझं काय ते मी मागून सांगीन."

असा माणूस मी तरी पाहिला नव्हता. गोमीबायला जेव्हा कळलं की आपलं एक अक्षरही त्याने चोरलं नाही, तेव्हा तिची मान खाली गेली. मग एकदम उसळून जमादारालाच म्हणाली, "काय लिवलाव ते खोडा! आमचं भांडान हाय, सरकारनं मदी नाय परायचा!"

हे मात्र जमादाराला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

*

संध्याकाळी माझ्या ओट्यावर वाद रंगायचा. एका बाजूला गुरुजी, आमच्या शाळेतून निवृत्त झालेले. दुसऱ्या बाजूला दामूदादा.

गुरुजी म्हणायचे, "देश म्हटला की दार आलं. कोण आत येतंय ते विचारायला नको? दमणहून काय काय येतं ठाऊक नाही का? सोनं येतं, घड्याळं येतात, दारू येते!"

"त्या लोकांकडं परवाने असतात, गुरुजी. नसलेला हा एकलाच!"

गुरुजींचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. पण फिलूचा चेहरा समोर दिसायचा, मग कायद्याचं बोलणं अर्धंच राहायचं. गुरुजींनीच एक तोड काढली. म्हणाले, "आता मराठीचं राज्य झालंय. मी म्हणतो, ज्याने भाषा आपली केली तो आपला. मी परीक्षा घेतो. पास झाला तर जमादाराकडे शब्द टाकायला मी स्वतः जाईन."

जुझेला समोर बसवलं. गुरुजींनी घसा साफ केला.

"आपले जन्मस्थान, व्यवसाय आणि येथे वास्तव्य करण्याचा हेतू कथन करा."

जुझेने फिलूकडे पाहिलं. फिलूने माझ्याकडे. मी आपली चौथी पास, मी कुणाकडे बघू?

दामूदादाच भडकला. "काय इचारलं ते मनाच नाय कललं! माजा आजा इथला, पणजा इथला. मना पन धाडा दमणला!"

सगळे हसले. गुरुजीही ओशाळून हसले. मग मी म्हटलं, गुरुजी, मी विचारू एक? आणि फिलूला विचारलं, "काय गं, हातोडी बोटावर बसली की हा कुठच्या भाषेत ओरडतो?"

फिलू लाजली. "पयले आपल्या गावच्या. दमणची मागून आठवते."

गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "पास!"

*

गुरुजी शब्द टाकून आले, पण हुकूम जमादाराच्या वरून आलेला. एवढंच झालं, की होडी पुरी होईस्तोवर थांबू, असं जमादार पुन्हा बोलला.

मग काय विचारता! आख्खं गाव होडी पुरी न होऊ देण्याच्या कामाला लागलं. एकाला फळी वाकडी दिसायची, दुसऱ्याला वल्ह्याची जागा चुकलेली. मी स्वतः रंग नापसंत केला, आणि होडीशी माझा काय संबंध ते मलाच ठाऊक नव्हतं!

एकदा जमादाराने एका फळीवर बोट ठेवलं. "ही मागच्या खेपेला बसवली होती. काढली का?"

"कुजली," दामूदादा म्हणाला.

"इतक्यात?"

"दर्याची हवा, साहेब."

जमादाराने मिशीवरून हात फिरवला. "माझी मिशी बरी टिकली मग!"

हसायचं ते हसलो. पण दामूदादाचं काय? नवी होडी वाळूवर उभी, जुनी मोडीत गेलेली. हा तांडेल माणूस, ज्याच्या शब्दावर चौदा हात वल्ही मारायचे, तो दुसऱ्याच्या होडीवर साधा खलाशी म्हणून जायचा. तेही हंगामच्या हंगाम! एकदा मी न राहवून विचारलंच.

तर म्हणाला, "मीच आणला ना त्याला, वयनी. मग!"

*

या सगळ्याला कंटाळला तो जुझेच. दिवाळी झाली आणि एक दिवस त्याने वाकस वाळूत रोवला. "पुरे! लाकूड पाण्याबाहेर सुकून फुटंल. मना न्यायचं तर नेवदे, पन होडी मी मरू देनार नाय."

कुणाचं ऐकलं नाही. आठवड्यात फटी भरल्या, तेल पाजलं, होडी तयार! शेवटच्या खिळ्याचा दिवस ठरला. जमादारही आला. कडक इस्त्रीचे कपडे, पण तोंड उतरलेलं. फिलू हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी. आमच्या पूजेत ही ख्रिस्ताची लेक, पण तिच्याइतकं मनापासून कुणी करत नव्हतं.

दामूदादा पुढच्या टोकाला गेला आणि तिथेच थांबला.

लाल पुरचुंडी जागेवर नव्हती!

मग जी शोधाशोध झाली! वाळू चाळली, जाळी झटकली, कोंबड्या उठवल्या. जमादार गुडघ्यांवर बसून होडीखाली हात घालत होता, इस्त्रीची पार वाट लागली. खिळा काही सापडला नाही. आणि तो खिळा नाही तर होडी पुरी नाही!

मी त्यानंतर प्रत्येकाला आडून आडून विचारलं. गोमीबाय म्हणाली, गुरुजींनी घेतला. गुरुजी म्हणाले, फिलूने. फिलूने छातीवर क्रूस केला आणि मलाच विचारलं, "वयनी, तुमी तर नाय ना?" चौकशा करणारीचीच चौकशी! प्रत्येकाच्या मनात दुसरा चोर, आणि प्रत्येकाला त्या चोराचे पाय धरावेसे वाटत होते.

*

थंडीत वरून पुन्हा हुकूम आला. होडी असो नसो, माणूस हद्दीपार करा. या वेळी जमादाराने कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

फिलू म्हणाली, मी पण जाणार. पोटात सातवा महिना. तिच्यासोबत बाईमाणूस नको का? मी निघाले. दामूदादा आमच्यासोबत निघाला. गाव बैलगाड्या जोडून बोईसर स्टेशनपर्यंत आलं. गोमीबायने सुक्या बोंबलांचं गाठोडं जुझेच्या हातात दिलं आणि एकही शब्द बोलली नाही. गोमीबाय! त्यावरून समजा.

गाड्या येत होत्या त्या सैनिकांनी भरलेल्या. गोव्याचं काहीतरी होणार असं गुरुजी सांगत होते, पण त्यात आपलं दमणही येतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जमादाराने एक गाडी सोडली, दुसरी सोडली. म्हणे, गर्दी आहे. तिसरीत चढलो.

वापीला उतरलो तर पुढचा रस्ता बंद. लष्कराचा पहारा. स्टेशनच्या शेडमध्ये बसून राहिलो. पहाटे लांबून धडाम् धडाम् आवाज यायला लागले. फिलूने माझा हात असा धरला की बांगडी पिचली. जुझे दमणच्या दिशेला तोंड करून उभा होता. त्याची आई होती तिकडे. जमादाराने आपली घोंगडी फिलूच्या अंगावर टाकली आणि लांब जाऊन बसला.

मग आवाज थांबले. रस्ता खुला झाला. जमादार उठला. "चला. हुकूम तो हुकूम."

चालत हद्दीच्या नाक्यावर पोचलो. आडवा बांबू रस्त्याच्या कडेला पडलेला. चौकीचं दार सताड उघडं, आत पोर्तुगीज शिपाई नाही, कुणी नाही. एक शेळी टेबलाखाली बसून काहीतरी चघळत होती. लोक इकडून तिकडे जात होते, तिकडून इकडे येत होते, कुणी रडत, कुणी हसत, आणि कुणाला कुणी काही विचारत नव्हतं. एका घराच्या कौलांवर आपला झेंडा.

जमादार बांबूपाशी उभा राहिला. पलीकडे पाहिलं, अलीकडे पाहिलं. शेळीकडेसुद्धा पाहिलं. आपला एक लष्करी जवान तिथून चालला होता, त्याला थांबवून हिंदीत विचारलं, "हद्द कहाँ है?"

जवान हसला. "हद्द? कल तक यहीं थी, साहब."

मी आजवर पुष्कळ पाहिलं. पण ज्या रेषेपायी एवढा जीव टांगणीला लागला, ती रात्रीत अशी पुसली जाते, आणि तिथे शेळी बसते! मी तोंडावर हात ठेवून उभीच राहिले. फिलू खाली मातीत बसली. दामूदादाने टोपी काढली.

जुझे जमादारासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, आता?"

जमादाराने घसा खाकरला. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, बराच खोल. काहीतरी काढून जुझेच्या तळहातावर ठेवलं आणि वापीच्या दिशेने चालायला लागला.

"आटप लवकर," मागे न बघता म्हणाला, "तांडेलाची होडी अर्धी राहिलीय!"

जुझेच्या हातात लाल फडक्याची पुरचुंडी होती.