मास्तरीणबाई आणि पहिला ट्रंपेट

सोळा पुरुषांच्या बँडपुढे ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिचं वय होतं सव्वीस, आणि पायांतले बूट वहिनीचे होते. एक नंबर मोठे. टाचेत कापूस कोंबला होता.

त्याआधी सात वर्षं ती त्याच बँडमध्ये पियानो वाजवत होती. तिला तिथे आणलं थोरल्या भावानं. दादा हा बँडचा पहिला ट्रंपेटवाला. त्याचा वरचा सूर लागला की हॉलमध्ये नाचणारी जोडपी क्षणभर पावलं विसरायची. बँडच्या म्हाताऱ्या मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून प्रत्येक वाद्याचे कागद लिहून काढायचं काम तिच्या गळ्यात पडलं. लिहिता लिहिता कुणाचा सूर कुठे बसतो, हे तिला मास्तरांपेक्षा जास्त कळायला लागलं. मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला, तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी चांगला हात उचलून तिच्याकडे बोट दाखवलं. झालं, ठरलं.

सॅक्सोफोनच्या रांगेनं मात्र आपलं वेगळं ठरवलं होतं. त्या पहिल्या संध्याकाळी तिनं मोजून सुरुवात दिली, आणि ते पाचजण वरातीमागून घोडं यावं तसे मागून येत राहिले. तिनं हात खाली घेतला. सगळं थांबलं. भरलेल्या हॉलमध्ये ती म्हणाली, "पुन्हा. पहिल्यापासून."

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या!

मध्यंतरात दादा उभा राहिला. "हिच्या मोजणीवर ज्याला वाजवायचं नसेल, त्यानं आधी माझ्याशी बोलावं. बहीण म्हणून सांगत नाही. तुम्ही घाण वाजवलंत म्हणून सांगतोय."

त्यानंतर कुणी मागे राहिलं नाही. पुढे बँडचं नाव झालं, गावोगावची बोलावणी आली, रेडिओवर दर महिन्याला अर्धा तास मिळाला. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणू लागले. हे नाव ड्रमवाल्यानं चिडवायला काढलं होतं, पण ते अंगाला शिवल्यासारखं बसलं.

आणि त्या नावाबरोबर बाकीचंही आलं. बसमध्ये तिची जागा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मागे सोळाजण पत्ते कुटायचे, एकमेकांच्या बायकांच्या स्वयंपाकाची टिंगल करायचे. ती मान वळवायची तर हसणं नळ बंद केल्यासारखं थांबायचं. कार्यक्रमाच्या जागी तिला वेगळी खोली मिळे: एक खुर्ची, एक आरसा, झाकण घातलेला चहाचा कप. भिंतीपलीकडून त्यांचे आवाज येत. लग्नाचं एकदा जुळत आलं होतं. एक चांगला, शांत स्वभावाचा शिक्षक होता. तो म्हणाला, "फिरती तेवढी सोड." ती म्हणाली, "मग उरतं काय?" त्यानं पुष्कळ विचार केला आणि पुढे पत्रं यायची थांबली.

दादा छप्पन्न वर्षांचा झाला तेव्हा त्याचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण ट्रंपेट ओठांवर आणि दातांवर चालतं. वरचे सूर फाटायला लागले. तिनं कुणाला न सांगता त्याचे कागद पुन्हा लिहिले, सूर थोडे खाली आणले. एक वर्ष तसंच रेटलं. शेवटी ड्रमवालाच येऊन म्हणाला, "मास्तरीणबाई, झाकली मूठ होती तोवर ठीक. आता नाचणाऱ्यांनाही कळतंय."

एका दुपारी, वाद्यांच्या पेट्या ठेवायच्या खोलीत, तिनं दादाला गाठलं. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. तोंड उघडलं तेव्हा एवढंच निघालं, "दादा, पहिली खुर्ची आता दुसऱ्याला द्यावी लागेल. तू तिसरीवर बस. सोपं जाईल."

तो कापडानं ट्रंपेट पुसत होता. पुसतच राहिला.

"माझे सूर तू खाली उतरवून लिहितेस, ते मला दिसत नाही असं वाटलं का तुला?" तो म्हणाला. "काढायचं होतं तर तेव्हाच काढायचंस. वर्षभर कीव केलीस माझी."

"कीव नाही रे..."

"मग काय?"

तिला शब्द सापडला नाही. त्यानं पेटी मिटली, दोन्ही खटके लावले आणि निघून गेला, तो बँडमध्ये परत आलाच नाही.

बारा वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. बँड आणखी नऊ वर्षं चालला. मग हॉलमध्ये फर्निचरचं दुकान आलं, आणि जे ते आपापल्या वाटेनं गेले. रिकाम्या रविवारी ती दादाच्या घरी जायला लागली. वहिनी दार उघडायची. दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसायच्या. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं असायचं आणि त्या फटीतून दादाचा एक गुडघा दिसायचा.

"चहा घेणार का, विचार त्याला," ती म्हणायची.

"तूच विचार. त्यानं काय घोडं मारलंय तुझं?" वहिनी म्हणायची. पण ती विचारायची नाही.

असे तीन हिवाळे गेले. एकदा वहिनी गच्चीवर कपडे काढायला गेली होती, तेव्हा आतून आवाज आला.

"रेडिओवरच्या माझ्या शेवटच्या कार्यक्रमात मी किती ठिकाणी चुकलो?"

ती दचकली. खोटं बोलायचं ठरवलं आणि जमलं नाही. "तीन ठिकाणी."

मग आवाज आला, "चार. एक तुझ्याही कानातून सुटली."

तो बाहेर येऊन तिच्यासमोर बसला आणि शेंगा सोलायला लागला. वहिनी कपड्यांचा ढीग घेऊन आली, दारातच थबकली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

पुढचे सात रविवार तो बाहेर बसला. दोघं जुन्या कार्यक्रमांबद्दल बोलत, सॅक्सोफोनवाल्यांना नावं ठेवत. पेट्यांच्या खोलीतल्या दुपारचा विषय कुणीच काढला नाही. त्या दुपारी न सापडलेला शब्द तिनं मनात जुळवून ठेवला होता, आज बोलू, उद्या बोलू म्हणत. आठव्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी दादा झोपेतच गेला. वहिनी मुलीकडे राहायला गेली, आणि घराला कुलूप लागलं.

मास्तरीणबाई आता घरीच पियानोच्या शिकवण्या घेते. रोज चार तास, रविवार सोडून. एका मुलीच्या आईनं रविवारची वेळ मागितली, तर ती म्हणाली, "रविवारी मला जायचं असतं."

कुठे, हे त्या बाईनं विचारलं नाही.